वीज गेली तरी वही शाबूत



गुलमंडीवरील एखाद्या दुकानात अचानक वीज जाते, घटकाभराने परत येते आणि कोपऱ्यातील इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, आपण होऊन कामास लागते. याचे आपणांस नवल वाटत नाही. वास्तविक वाटावयास हवे. वीज गेली त्या क्षणी ती पेटी काही लिहीत असली तर? अर्धवट अक्षरांतून ती पुन्हा उभी कशी राहिली?

अशा पुष्कळ पेट्यांत लिनक्स ही कार्यप्रणाली असते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. सुरू होताच तिला रूट फाइल सिस्टिम, म्हणजे आपले मूळ दप्तर, हाताशी लागते. लहान पेटीत हे दप्तर फ्लॅश मेमरीच्या चिपवर ठेवतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती १९८४ साली जगापुढे मांडली. वीज नसतानाही ती विसरत नाही.

पण तिचा स्वभाव चमत्कारिक आहे. कोऱ्या जागी लिहिता येते. लिहिलेले एकच अक्षर पुसून तेथे दुसरे लिहिता येत नाही. पुसावयाची तर सबंध पाटीच पुसावी लागते. ही पाटी पुष्कळदा ६४ किंवा १२८ किलोबाइटांची असते. शिवाय काही हजार, फार तर लाखभर वेळा पुसली की ती झिजते. आता पाटी पुसली आणि नवे लिहिण्यापूर्वीच वीज गेली, तर जुनेही गेले आणि नवेही नाही!

यावरील तोड आपल्या व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. किर्दीत चुकलेली रक्कम खरवडून काढावयाची नसते. खाली नवी नोंद करावयाची असते. १९९९ साली स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने काढलेली जेएफएफएस आणि २००१ मधील तिची सुधारलेली आवृत्ती जेएफएफएस-२ यांचे सूत्र हेच आहे. प्रत्येक बदल कोऱ्या जागी लिहावयाचा आणि सोबत पडताळ्याचा आकडा ठेवावयाचा. मध्येच वीज गेली तर पडताळा जुळत नाही. अपुरी नोंद बाद होते, जुनी कायम राहते. जागा संपत आली की, नव्या वहीत शिल्लक ओढावी तशा कामाच्या नोंदी दुसऱ्या पाटीवर उतरवावयाच्या आणि मगच जुनी पाटी पुसावयाची. आरंभी सारी वही चाळावी लागते, हा हिचा दोष. मोठ्या चिपवर तो जाचू लागला, तेव्हा अनुक्रमणिका चिपवरच ठेवणारी यूबीआयएफएस २००८ साली लिनक्समध्ये आली.

कित्येक राउटरांत दप्तराचे दोन थर असतात. खालचा केवळ वाचावयाचा, वरचा लिहावयाचा. रीसेटचे बटण दाबले की वरचाच थर पुसला जातो, म्हणून पेटी जन्मली तशी कोरी होते.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. अपडेट चालू असताना खालचा थरच नव्याने लिहिला जात असतो. ज्या पेटीत त्याची दुसरी प्रत नाही, ती अशा वेळी वीज गेल्यास कायमची मुकी होऊ शकते. म्हणून तेवढा वेळ बटणाला हात लावू नये.

नवे पुरते उतरल्यावाचून जुने पुसू नये, हा वहीचा नियम चिपलाही पाळावा लागतो.