चिडवण्याला सुट्टी असायची तेव्हा

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 1950च्या दशकात झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा होता, फारुख बलसारा. तोंडात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘बकी’. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतलं, तरी हसताना दात झाकायची त्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही. तरी एक होतं. ते नाव पसरणीचा घाट उतरून फार लांब जाऊ शकत नव्हतं. सुट्टी लागली, ट्रंका बाहेर निघाल्या, की चिडवण्यालाही सुट्टी लागायची.

महाबळेश्वरच्या शाळेत आम्हीही यात मागे नव्हतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचे वेण्णा तलावावर दोन घोडे होते. त्याला आम्ही काय म्हणायचो ते इथं लिहवत नाही. घोड्याच्या मागे जे पडतं, त्यावरूनच होतं. पण साडेपाचला शाळा सुटली की तो तलावाकडे पळायचा आणि आमच्या तावडीतून सुटायचा. तिथं घोडे होते, पर्यटक होते, चणेवाले होते, आम्ही नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा वेळ त्याचा स्वतःचा असायचा. गेल्या पंचवीस वर्षांत मुलांच्या हातून नेमका हाच वेळ निसटला, असं मला वाटतं.

कायद्यानं या त्रासाची दखल मुलांच्या हाती मोबाइल येण्याआधीच घेतली होती. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999चा. त्यात मारहाणीइतकीच मानसिक इजा, भीती, लाज यांचीही नोंद आहे. चिडवणं आणि वात्रट थट्टा या गोष्टी तर शब्द वापरून व्याख्येत घातल्या आहेत. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. कागदावर भक्कम. पण रॅगिंग म्हणजे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलातली भानगड, आपल्या आठवीच्या वर्गाचा काय संबंध, असंच सगळे धरून चालले.

पुढच्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि 2001 साली दिल्लीत विद्यार्थ्यांमधलं देशातलं बहुधा पहिलं गाजलेलं प्रकरण घडलं. एका नामांकित शाळेतल्या बारावीच्या मुलानं फुकट मिळणाऱ्या जागेवर वेबसाइट उभी केली आणि वर्गातल्या मुलींबद्दल, शिक्षिकांबद्दल अश्लील मजकूर लिहिला. एका मुलीच्या वडिलांनी पोलिसांत धाव घेतली. कलम 67 लागलं, मुलगा बालसुधारगृहात गेला. बातमी एवढ्यावर संपायला हवी होती, संपली नाही. चेहऱ्यावरच्या खड्ड्यांवरून हाच मुलगा वर्षानुवर्षं वर्गाच्या टिंगलीचा विषय होता, हे नंतर बाहेर आलं. त्यानं केलेलं त्यामुळे माफ होत नाही. पण त्याच्या वर्गात तीस-चाळीस जण रोज हा तमाशा पाहत होते आणि त्यांच्यावर कुठलंच कलम लागत नव्हतं. छळणारा आणि छळला जाणारा एकाच बाकावर बसू शकतो, कधी एकाच अंगात राहू शकतो, हा धडा 2001 सालीच समोर होता.

आपण तो घेतला नाही. त्यानंतरची दहा-बारा वर्षं आपण अनोळखी माणसाला भीत बसलो. सायबर कॅफेचा काळ होता, ऑर्कुट होतं. शाळाशाळांत व्याख्यानं झाली ती ‘अनोळखी व्यक्तीची रिक्वेस्ट स्वीकारू नका’ या चालीवर. सल्ला चुकीचा नव्हता. पण मुलाला रडवणारा बहुतेक वेळा त्याच्याच वर्गातला असतो, त्याच्याच डब्यातलं खाल्लेला, आणि त्याची रिक्वेस्ट कधीच स्वीकारलेली असते. 2012 साली मायक्रोसॉफ्टनं 25 देशांतल्या 8 ते 17 वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा भारतातल्या 53 टक्के मुलांनी ऑनलाइन त्रास झाल्याचं सांगितलं. यादीत आपण चीन आणि सिंगापूरच्या मागोमाग तिसरे होतो.

त्या काळात पोलिसांच्या हाताशी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ हे ढोबळ कलम होतं. ते कुठंही लागायचं. 2012च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली आणि त्याचा बोभाटा झाला. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं, बरंच झालं. उरलेली कलमं नेमकी आहेत: दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं 66क, तोतयेगिरी करून फसवणं 66ड, खासगी अंगाचं चित्र परवानगीशिवाय काढणं किंवा पसरवणं 66इ, आणि लहान मुलांचं अश्लील चित्रण असेल तर 67ब, शिवाय मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा. आरोपी अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मात्र चौदा वर्षांच्या मुलीला ग्रुपमधून काढून टाकून तिच्याबद्दल हसत बसणं यातल्या कुठल्याच कलमात सहज बसत नाही. ते काम शाळेचं आणि घराचं.

2016च्या सप्टेंबरात जिओचं इंटरनेट आलं, 2017च्या मे महिन्यात शेजारचं भिलार पुस्तकांचं गाव झालं. एका वर्षाच्या आत दोन्ही गोष्टी घाट चढून आल्या. पोरांनी आधी कुठली उघडली हे सांगायला नको.

2019च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेनं तेरा-चौदा वर्षांच्या आठ मुलांना निलंबित केलं. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गातल्या मुलींच्या शरीरावरून, थेट बलात्कारापर्यंतच्या गप्पा चालल्या होत्या. त्याची शंभराहून जास्त पानं भरली. पुढच्या मे महिन्यात दिल्लीतल्या मुलांचा ‘बॉइज लॉकर रूम’ हा असाच ग्रुप गाजला, तेव्हा अनेकांना हे नवीन वाटलं. तोवर टाळेबंदी लागली होती आणि शाळेनंच मुलांच्या हातात फोन दिला होता. आमच्या तालुक्यात कोयनेच्या पाण्याकडच्या वाड्यांना धड नेटवर्क नव्हतं, तर बाजारपेठेतली मुलं चोवीस तास ऑनलाइन. त्यातून आमच्याकडचा पावसाळा. जूनपासून चार महिने धुकं आणि धार, बाहेर खेळायची सोयच नाही. अभ्यासाचा ग्रुप, त्यातून निघालेला मित्रांचा ग्रुप, त्यातून निघालेला ‘बाकीच्यांना सांगू नको’ असा ग्रुप. त्या मुलांसाठी साडेपाच कधी वाजलेच नाहीत.

माझी एक मैत्रीण या भागात शिकवते. शाळा पुन्हा भरल्यावर वर्गाचा फोटो काढताना एक मुलगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसली. दुसऱ्यांदा काढला, तेव्हाही नाडी. बाईंनी ओरडा केला नाही, दोन दिवस नुसतं पाहिलं. ती मधल्या सुट्टीत वाचनालयात जात होती, फोन वाजला की उचलायच्या आधी पालथा करत होती, आईकडे नवीन नंबर मागत होती. मग एका मैत्रिणीनं सांगितलं. आधीच्या वर्षीच्या फोटोतला तिचा चेहरा कापून कुणीतरी स्टिकर बनवला होता आणि वर्गातला प्रत्येक जण कंटाळा आला की तो टाकत होता. बनवणारा एकच, टाकणारे सव्वीस. त्यांतल्या बहुतेकांच्या मते आपण काहीच केलं नव्हतं.

तिनं घरी का सांगितलं नाही, तर फोन काढून घेतील म्हणून. हे उत्तर मी इतक्या मुलांकडून ऐकलंय की आता पालकांना पहिली विनंती हीच करतो: मूल बोलायला लागलं की हात फोनकडे नेऊ नका. मग स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे, आणि नंतरच ब्लॉक करा, रिपोर्ट करा. रागाच्या भरात सगळं डिलीट झालं की शाळेपुढेही काही उरत नाही आणि सायबर पोलिसांपुढेही. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आहे, 1996 साली मुंबईतच सुरू झालेली. सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल आहे. राज्यात 2022च्या शासन निर्णयानुसार शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी-सावित्री समित्या असायला हव्यात. आपल्या मुलाच्या शाळेतल्या समितीत कोण आहे, हे एकदा विचारून बघाच.

त्याच 2022 साली सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 15 ऑगस्टपासून एक गंमत केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाइल बंद. दीड तासानं पुन्हा भोंगा. हेतू अभ्यासाचा आणि माणसांनी एकमेकांशी बोलण्याचा होता, छळ थांबवण्याचा नव्हे. साडेआठनंतर जे यायचं ते येतंच. पण एका घरानं एका पोराचा फोन काढून घेतला तर ते पोर एकटं पडतं. सगळं गावच बंद झालं तर मागे कुणीच राहत नाही. आमच्या त्या घोडेवाल्याच्या मुलाला रोज मिळायची तशी दीड तासाची सुट्टी ती.

आता जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गाचा ग्रुप तयार होतो. संध्याकाळपर्यंत दुसराही होतो. नावं तीच असतात, एक कमी.