पाते त्यांचे, मूठ आपली

29 एप्रिल 2025 रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात एक तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत सुमारे 47 लाख रुपयांना ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची ही तलवार. पात्याच्या पाठीवर, मुठीच्या जवळ, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मजकूर आहे : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. म्हणजे मालकाचे नाव, त्याचा हुद्दा आणि शस्त्राचा प्रकार, सगळे एका ओळीत. ज्या सरदाराच्या फौजा बंगालपर्यंत धडकल्या, त्याच्या कमरेची तलवार युरोपात घडलेल्या पात्याची होती आणि ते त्याने लपवले नाही, उलट सोन्याने लिहून ठेवले.

फिरंग म्हणजे लांब, बहुधा सरळ आणि एकाच बाजूने धार असलेले विलायती पाते, त्याला इथल्या कारागिराने चढवलेली मूठ. सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनमध्ये या तलवारीला मोठा मान होता. 1697च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगी शिवाजी महाराजांच्या सोबतच्या जिवा महालाजवळ पट्ट्याबरोबर फिरंग असल्याचे सांगितले आहे. लंडनच्या राजसंग्रहात असलेली, कोल्हापूरच्या छत्रपतींकडून 1875-76च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली सरळ तलवारही याच जातीची. तिच्या युरोपीय पात्यावर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरे ठोकलेली आहेत.

यावर पहिली शंका मनात येते ती पोलादाची. मुशीत वितळवून केलेले उत्तम पोलाद ही तर दक्षिण भारताची जगभर गाजलेली चीज. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून ते इराणपर्यंत जाई आणि तिथे त्याची नक्षीदार दमास्कस पाती होत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही गोवळकोंड्याच्या या पोलादाची नोंद केली आहे. मग ज्यांच्या दारात असे पोलाद, त्यांनी विलायती पाती का विकत घ्यावीत?

उत्तर लढाईच्या गरजेत आहे. मुशीच्या पोलादात कार्बनचे प्रमाण मोठे, साधारण दीड टक्क्याच्या घरात. त्यामुळे धार विलक्षण टिकते, पण पाते ताठर होते आणि आडवा मार बसला तर वाकण्याऐवजी तुटण्याचा धोका वाढतो. शिवाय मुशीतून निघणारी वडी लहान. तिचे हात-दीड हाताचे वक्र पाते सुरेख होते, पण घोड्यावरून खाली वाकून वार करायला तीन फुटांचे सरळ पाते हवे असेल, तर लोहाराची कसोटी लागते. विलायती पाते इथे सरस ठरले. ते कमी कार्बनचे, पाणी देऊन मग बेताने तापवून लवचीक केलेले असे. दाबले की वाके, सोडले की पुन्हा सरळ होई. आणि ते मुबलक मिळे.

मुबलक मिळण्याचे कारण जर्मनीतले झोलिंगन. वुपर नदीच्या खोऱ्यात पाण्यावर फिरणाऱ्या सहाणी आणि त्याभोवती वसलेले हे कारागिरांचे गाव. तिथे एकच माणूस तलवार करीत नसे. पाते घडवणाऱ्यांचा संघ वेगळा, पाणी देऊन घासणाऱ्यांचा वेगळा आणि मूठ बसवणाऱ्यांचा वेगळा. पात्यांचा व्यापार एवढा मोठा की बिनमुठीची पाती गठ्ठ्यांनी बंदरांत जात. स्पेनमधले तोलेदो आणि इटलीतली शहरेही या व्यापारात होतीच. 1510मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी ही पाती कोकण किनाऱ्यावर आणली. पुढे इंग्रजांच्या सुरत वखारीच्या पत्रव्यवहारातही तलवारीच्या पात्यांच्या मागणीचा विषय येतो. इथे मूठ चढवायची असल्याने विक्रेत्याला नुसते पाते पाठवले तरी चाले आणि गिऱ्हाइकालाही तेच हवे असे.

पात्यांवरच्या खुणांनी मात्र आजच्या संग्राहकांची चांगलीच दमछाक केली आहे. पळत्या लांडग्याची खूण मूळची पासाऊ गावची. ती झोलिंगनने उचलली. बेलुनोच्या आंद्रेया फेरारा या नामवंत कारागिराचे नाव, तसेच तोलेदोच्या उस्तादांची नावे झोलिंगनवाल्यांनी बिनदिक्कत आपल्या मालावर ठोकली. मग भारतातले लोहार तरी का मागे राहतील? त्यांनीही विलायती खुणा आपल्या पात्यांवर उमटवल्या. रोमन लिपी न येणाऱ्याने केलेल्या त्या नकलेत अक्षरे उलटीसुलटी पडतात, स्पेलिंगची वाट लागते आणि नेमक्या त्याच चुकांवरून पाते देशी असल्याचे कळते. म्हणून जाणकार आधी पोलादाचा पोत, पन्हळींची संख्या आणि घासणीची सफाई बघतात आणि नाव सर्वांत शेवटी वाचतात.

मुठीपाशी आल्यावर हात मराठी होतो. फिरंगेची मूठ एखाद्या उभ्या टोपलीसारखी असते. बोटांवरून खाली येणारी रुंद परज, आत रुईची किंवा कापडाची गादी, माथ्यावर वाटी आणि वाटीतून वर निघालेला टोकदार दांडा. हा दांडा केवळ शोभेसाठी नाही. दोन्ही हातांनी घाव घालताना दुसरा हात त्यावर येतो, तलवार म्यानात असताना हात टेकायलाही तो उपयोगी पडतो. पात्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या येतात आणि त्या पात्याला रिबिटांनी जखडतात. विलायती पात्याचा मुळाकडचा भाग लवचीक असल्याने या पट्ट्यांची गरज पडते.

आत जोडणी होते ती लाखेची. युरोपात पात्याचे शेपूट मुठीच्या आरपार काढून माथ्यावर ठोकतात. इथे मुठीच्या पोकळीत वितळलेली लाख भरायची, गरम पात्याचे शेपूट आत घालायचे आणि थंड होऊ द्यायचे. लाख घट्ट झाली की जोड पक्का. पट्ट्यांची रिबिटे काढून मूठ तापवली की लाख सैल होते आणि पाते सुटे निघते. एकच पाते पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या मुठी बदलत राहू शकते ते यामुळे. त्यामुळे पात्याचे वय मुठीवरून ठरवता येत नाही, मुठीचे वय पात्यावरून तर मुळीच नाही. सोन्याची नक्षी आणि अक्षरे कोफ्तगार करी, लाकडी म्यानावर मखमल किंवा चामडे चढे आणि धार व झिलई शिकलगाराच्या हाती असे. महाराष्ट्रात शिकलगार समाज अजून आहे. पूर्वी तलवारीला बसणारे हात आता विळ्या, सुऱ्या आणि कात्र्यांना बसतात.

1878च्या शस्त्र कायद्याने तलवार बाळगणे परवान्याचे झाले, तसा या कामाचा जोर ओसरला. उरल्या त्या देव्हाऱ्यापाशी टांगलेल्या आणि संग्रहालयांत मांडलेल्या तलवारी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या संग्रहांपर्यंत जुनी शस्त्रे पाहताना सरळ पाती दिसली की थांबून मुठीचा बांधा बघावा. ‘पाते परदेशी’ असे ऐकून खट्टू होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की शत्रूच्या मालातले चांगले ओळखणे, ते विकत घेणे आणि आपल्या हाताला बसेल असे करून वापरणे ही लढवय्याची अक्कल आहे. पोर्तुगीजांनी आणलेले पोलाद पोर्तुगीजांवरच चालले.

तुमच्या घरी जुनी तलवार असेल, तर एक विनंती. खंडेनवमीच्या पूजेआधी ती विटेच्या पुडीने किंवा चिंच-लिंबाने घासू नका. सोन्याची अक्षरे, कारखान्याची खूण आणि पोलादाचा पोत एका घासणीत निघून जातो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, खनिज तेलाचा पातळ हात फिरवा, पाठीवर आणि मुठीखाली अक्षरे आहेत का ते बघा आणि छायाचित्र काढून जवळच्या संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांवरील वस्तू पुरावस्तू ठरते आणि 1972च्या कायद्याने ती देशाबाहेर नेणे गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या. रघूजींची तलवार परत आणायला लाखो रुपये मोजावे लागले. तुमच्या घरची सांभाळायला तेलाचा एक हात पुरेसा आहे.