मकोका कारखान्याला, उपचार गिऱ्हाइकाला

अमली पदार्थांच्या टोळ्यांना मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातला कडक कायदा, लावण्याची दुरुस्ती जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झाली. भिवंडीच्या टेमघर, कल्याण रोडच्या पट्ट्यात ती कुणाला अनाठायी वाटायचे कारण नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये याच भिवंडीतल्या एका फ्लॅटमधून सुमारे ८०० किलो द्रवरूप मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडले गेले. किंमत सांगितली गेली ८०० कोटी. (छापा गुजरात एटीएसचा, आपल्या पोलिसांनी यावरून काय ते समजून घ्यावे.) त्याच वर्षी फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत, त्याआधी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचे कारखाने सापडले होते. एमडी शेतात पिकत नाही. रसायने, थोडी यंत्रे आणि भाड्याची जागा एवढ्यावर भागते, आणि गोदामांच्या भिवंडीत जागेला काय तोटा! एक फ्लॅट सील झाला की टोळी दुसरा शोधते. तेव्हा मकोका लावून बनवणाऱ्यांना वर्षानुवर्षे जामीन मिळू नये, हे पटते.

पटत नाही ते याच धडाक्यात गिऱ्हाइकालाही आरोपी करणे. एमडी २०१५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर व्यापारी. पण पंचनामा, सील, प्रयोगशाळेचा अहवाल आणि तारखा पुडीवाल्या पोरालाही चुकत नाहीत. गुन्ह्यांचा आकडा वाढतो, माल बनायचा थांबत नाही. ‘आंतरराष्ट्रीय करारांनी हात बांधलेत,’ हे उत्तर लंगडे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारातच सेवन करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची मुभा आहे. शिवाय खुद्द व्हिएन्नातही जुनी एकवाक्यता मोडली आहे. मार्च २०२४ मध्ये तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने ‘हानी कमी करणे’ हे शब्द पहिल्यांदा ठरावात घेतले. विरोधात रशिया आणि चीन, दोनच मते. पुढच्या वर्षी साऱ्या व्यवस्थेच्या फेरआढाव्यासाठी तज्ज्ञ समिती ठरली, तेव्हा अमेरिकाही विरोधात गेली.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचे काय, असे कुणी विचारेल. तिथे २०२० मध्ये मतदारांनी सेवनापुरता माल बाळगण्याची शिक्षा काढली, २०२४ मध्ये सरकारला ती परत आणावी लागली. खरे आहे. पण तिथे पोलिसांनी दंडाची पावती आणि हेल्पलाइनचा नंबर हातात ठेवला, उपचारांची सोय मागाहून रखडत आली. पोर्तुगालने २००१ पासून सेवन करणाऱ्याला न्यायालयाऐवजी समितीपुढे उभे केले आणि उपचारांवर पैसा ओतला. आपल्याकडे अडचण आणखी आहे: हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन तरी आहे, एमडीवर तसे पर्यायी औषध नाही. समुपदेशन आणि महिनोन्महिने पाठपुरावा, एवढेच हाती उरते. त्याला माणसे लागतात, खाटा लागतात. एम्सच्या २०१९ च्या पाहणीत बेकायदा पदार्थांच्या व्यसनींपैकी २० जणांत एकालाच भरती होऊन उपचार मिळाल्याचे दिसले.

तरी एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहेच. अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. घरातले पोर पकडले गेले, तर वकिलाला आधी हे कलम विचारा.