अनुरूप मानसोपचारकाची निवड : भिवंडीच्या संदर्भात

शारीरिक व्याधीवर इलाज करणारा डॉक्टर कोणत्या भाषेचा वा धर्माचा आहे, हा प्रश्न सामान्यतः गौण मानला जातो. मानसोपचाराची गोष्ट निराळी आहे. तेथे संभाषण हेच उपचाराचे प्रमुख साधन असल्यामुळे बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधील सामाजिक अंतर किती असावे, हा प्रश्न उपचाराच्या यशापयशाशी निगडित होतो. उपचारक रुग्णाच्याच समाजातील असणे आवश्यक आहे काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होय.

या प्रश्नाच्या विचारास भिवंडी हे अत्यंत उचित क्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ७ लक्ष लोकसंख्या असलेल्या या यंत्रमागांच्या नगरात स्थानिक मराठी व कोकणी मुसलमान वस्तीबरोबर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली नांदत आहेत. मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषा येथे शेजारीशेजारी ऐकू येतात. १९७० व १९८४ या वर्षी येथे भीषण दंगली झाल्या. ज्यांनी त्या पाहिल्या, त्यांना मन मोकळे करण्यासाठी आपल्याच समाजाचा माणूस हवासा वाटला, तर त्यात नवल नाही.

परंतु हवेसे वाटणे आणि गुणकारी ठरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. काब्राल व स्मिथ यांनी २०११ मध्ये वांशिक साम्याविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. रुग्णांची पसंती स्ववंशीय उपचारकाकडे बऱ्याच प्रमाणात झुकते. तथापि उपचाराच्या फलितात त्यामुळे जवळजवळ फरक पडत नाही, असे त्यातून दिसून आले. याउलट ग्रिनर व स्मिथ यांच्या २००६ मधील ७६ अभ्यासांच्या विश्लेषणात, इंग्रजीतर रुग्णांच्या मातृभाषेतून केलेले उपचार इंग्रजीतून केलेल्या उपचारांच्या सुमारे दुप्पट परिणामकारक ठरले. हे निष्कर्ष प्रामुख्याने अमेरिकेतील असल्यामुळे जाति-धर्माच्या भारतीय वास्तवास ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही समाजाचे साम्य आणि भाषेचे साम्य यांचा विचार पृथक् केला पाहिजे, एवढा बोध त्यांतून निश्चित घेता येतो.

भाषेचे महत्त्व केवळ शब्दार्थापुरते नसते. ‘जीव घाबरा होणे’, ‘घबराहट’, ‘दिल बैठना’ या प्रयोगांत शरीर आणि मन यांची वेदना एकवटलेली असते. ‘चिंता’ या शास्त्रीय संज्ञेत ती पुरती सामावत नाही. भाषा न जाणणारा उपचारक बहुधा नातलगाला दुभाषी करतो. सुनेच्या दुःखाचे भाषांतर सासू करू लागली, म्हणजे मूळ दुःख बाहेरच राहते, हे सांगणे नलगे. स्त्रीरुग्णाने स्त्री-उपचारक मागणे, हीदेखील याच कारणास्तव रास्त अपेक्षा समजावी.

समाजाच्या साम्याची दुसरी बाजूही ध्यानी घेणे अवश्य आहे. जो उपचारक त्याच मोहल्ल्यात राहतो, मागमालकाच्या घरी जातो, सोयरिकी जुळविणाऱ्यांच्या ओळखीचा असतो, त्याच्यापुढे रुग्ण कित्येक गोष्टी झाकून ठेवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परंतु कायद्याने दिलेले आश्वासन मनाला पटण्यास अवधी लागतो. अशा वेळी थोडे अंतर हीच सोय ठरते.

अंतर म्हणजे परकेपणा मात्र नव्हे. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य संबंधाचा उपचाराच्या दृष्टीने विचार मांडला, तेव्हा भारतीय रुग्ण उपचारकाकडून मार्गदर्शनाची अपेक्षा बाळगतो, या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधले. ही अपेक्षा न ओळखता केवळ मूकपणे ऐकत बसणारा उपचारक स्वभाषिक असूनही दूरचाच वाटेल.

निवड करताना प्रथम पात्रता तपासावी. औषधे देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरास असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्यानंतर भाषा, शुल्क आणि वेळ यांचा विचार येतो. बारा तासांच्या पाळीत, कधी दिवसा तर कधी रात्री, मागावर उभ्या राहणाऱ्या कामगारास दुपारची ठरावीक भेट कितीही उत्तम असली तरी निरुपयोगी होय. ठाण्यास १९०१ मध्ये स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे.

अखेरची कसोटी प्रत्यक्ष भेटीतच लागते. बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारसंबंधाची तीन अंगे सांगितली : साध्याविषयी एकमत, साधनांविषयी एकमत आणि परस्परविश्वास. पहिल्या काही भेटींत यांची चिन्हे न दिसल्यास रुग्णाने तसे स्पष्ट बोलावे, आणि तरीही उणीव राहिल्यास उपचारक बदलावा. हा बदल म्हणजे कृतघ्नता नव्हे, उपचार फसल्याचा पुरावाही नव्हे. रुग्णाला तसे आरंभीच सांगून ठेवणे हे मात्र उपचारकाचे कर्तव्य आहे. कारण भिवंडीसारख्या नगरात पहिल्या उपचारकापासून दुरावलेला रुग्ण दुसऱ्याकडे जाण्याऐवजी घरीच बसण्याचा संभव अधिक.