पाय का दुखतो, हे ओळखताना



आमच्या फिरत्या दवाखान्यात "पाय दुखतो" ही तक्रार रोजचीच. बहुतेकांचे दुखणे सांध्यांचे किंवा कंबरेचे असते. पण काहींच्या पायाला रक्तच कमी पोहोचत असते. ते वेळेवर ओळखले नाही, तर आधी बोट आणि पुढे पाऊलही कापावे लागते. डोंगरातून लाकूडफाटा आणून पोट भरणाऱ्याला याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

म्हणून मी आधी विचारतो, किती चालल्यावर पोटरी दुखते? "ओढ्यापर्यंत गेलो की भरून येते, बसलो की राहते," असे उत्तर आले की मी सावध होतो. धमनी अरुंद झाली की चालत्या स्नायूला रक्त पुरत नाही; थोडा विसावा घेतला की कळ जाते. सांध्याचे दुखणे असे हिशेबाने येत-जात नाही. रोग वाढल्यावर रात्री पाऊल ठणकते. खाटेवरून पाय खाली सोडून बसले की बरे वाटते, असे रोगी आपण होऊन सांगतो.

मग वहाणा काढून दोन्ही पाय पाहायचे. बोटांच्या बेचक्यासुद्धा, कारण न भरणारी जखम तिथेच लपते. नाडी पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे लागते. पाठीवरची काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून घोट्यामागची मला अधिक भरवशाची वाटते.

शंका राहिली तर रक्तदाबाचा पट्टा आणि हातात मावणारे डॉप्लर यंत्र. घोट्याचा दाब ८४, दंडाचा १४० असेल, तर भागाकार ०.६. तो ०.९ किंवा कमी आला की धमनीत अडथळा आहे असे धरतो. जुन्या मधुमेहात मात्र धमन्या कडक होऊन आकडा फसवा येतो, १.४ च्या वर गेला तर त्यावर विसंबू नये.

चाळिशीच्या आतला बिडी ओढणारा काळे पडलेले बोट घेऊन आला, तर मनात बर्गरचा रोग येतो. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे वर्णन केले. तंबाखू पूर्ण सुटली तरच तो थांबतो. "दिवसाला दोनच" चालत नाहीत, आणि मशेरीही नाही.

पाय एकाएकी पांढरा, गार, बधिर पडला तर शेकू नका, चोळू नका. हातात जेमतेम सहा तास असतात. गाडी काढा आणि थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.