उमेदवारी आणि उजेड

छायाचित्रणाच्या व्यवसायात उतरू पाहणारा तरुण आधी विचारतो, ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ आणि मग, ‘लाइट कोणते घेऊ?’ ‘कोणाच्या हाताखाली काम करू?’ हा प्रश्न बहुधा शेवटी येतो, किंवा येतच नाही. आपल्या चित्रपटसृष्टीतल्या दोन थोर छायालेखकांची वाटचाल पाहिली, तर हा क्रम उलटा हवा, असे दिसते.

व्ही. के. मूर्ती मैसूरचे. बंगळूरच्या पॉलिटेक्निकमधून १९४६ साली पदविका घेऊनही मुंबईत त्यांनी उमेदवारीच केली. फली मिस्त्री यांच्यासारख्या कसलेल्या छायालेखकाचे ते साहाय्यक होते. ‘बाजी’च्या (१९५१) वेळी ते व्ही. रात्रा यांच्या हाताखाली होते. त्या चित्रपटातला एक अवघड शॉट त्यांनी जमवून दाखवला आणि गुरुदत्तांनी त्यांना हेरले. पुढच्याच वर्षी ‘जाल’चे छायालेखन त्यांच्याकडे आले.

‘कागज के फूल’मधला (१९५९) स्टुडिओच्या अंधारात तिरपा उतरणारा प्रकाशझोत मूर्तींच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. तो कोणत्याही दिव्याचा नव्हता. बाहेरचे ऊन एका मोठ्या आरशाने आत घेतले आणि दुसऱ्या आरशाने खाली वळवले. साधन आरशाइतके साधे. पण ते सुचायला उजेड कसा वळतो, हे अंगवळणी पडलेले असावे लागते.

सुब्रत मित्रांनी रीतसर उमेदवारीही केली नव्हती. ज्याँ रन्वारच्या ‘द रिव्हर’चे चित्रीकरण त्यांनी केवळ निरीक्षक म्हणून पाहिले आणि प्रकाशयोजनेची टिपणे ठेवली. ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. उघड्या चौकात आभाळाचा पसरट उजेड हवा. मित्रांनी वर कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून खाली आणला.

दोघांच्याही युक्त्या थोड्याशा नियमांवर उभ्या आहेत आणि लाइट विकत घेताना तेच उपयोगी पडतात. पहिला नियम आकाराचा. उघडा बल्ब कडक सावली पाडतो; तोच मोठ्या पांढऱ्या आकाशकंदिलात ठेवला की सावलीची कड विरघळते, कारण आता सारा कंदीलच उजेड देतो. म्हणून महागड्या दिव्याआधी छत्री किंवा पांढरे कापड घ्यावे. दुसरा नियम अंतराचा. छोटा दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. अर्थात दिवा निम्म्या अंतरावर आणला तर तो चौपट होतो. दुप्पट ताकदीचा दिवा घेण्याआधी हे करून पाहावे. तिसरा नियम रंगाचा. स्वस्त एलईडीखाली त्वचा निस्तेज किंवा हिरवट दिसू शकते. रंगनिष्ठेचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९५च्या आसपास असेल तर पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

हे नियम पुस्तकात एका पानावर मावतात. रिफ्लेक्टर धरून उभ्या असलेल्या साहाय्यकाला मात्र मनगट बोटभर वळताच समोरच्या डोळ्यांखालची सावली भरून आलेली दिसते. दिवसातून पन्नास वेळा हे पाहिले की नजर तयार होते. शिवाय नाना तऱ्हेची यंत्रे दुसऱ्याच्या खर्चाने हाताळायला मिळतात. कोणती रोज लागतात आणि कोणती पेटीतच राहतात, हेही कळते.

या वाटेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साहाय्यकाला मोबदला कमी मिळतो, कधी मिळतही नाही, आणि छायाचित्राखाली त्याचे नाव येत नाही. घरून आधार असलेल्यालाच अशी उमेदवारी परवडत असेल, तर कितीतरी चांगल्या नजरा दाराबाहेरच राहतील. म्हणून कामाचे दिवस आणि पैसे आधी ठरवून घ्यावेत. विचारण्यात उद्धटपणा नाही.

सुरुवातीला एक भरवशाचा दिवा, एक भक्कम स्टँड, एक छत्री आणि स्टँड पडू नये म्हणून वाळूची पिशवी पुरते. बाकीचे भाड्याने मिळते. उजेड पाहण्याची सवय तेवढी भाड्याने मिळत नाही.