घर वाचतं ते सहीच्या आधी
कर्ज, कायदा आणि आपण : लेखांक सातवा

हप्ता थकल्यावर खातं ‘एनपीए’ कसं होतं ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की बँक त्या खात्याला अनुत्पादक ठरवते. या टप्प्यावर पोहोचलेल्या घरात रात्रीच्या जेवणानंतर एक वाक्य हमखास निघतं : ‘घर हिच्या नावावर करून टाकू, मग काय नेतील?’ कुणी मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायला सुचवतं, कुणी धाकट्या भावाला कागदोपत्री विकून टाकायला सांगतं. सल्ला देणारे आपलेच असतात आणि त्यांना खरोखर कळकळ असते. तरीही आज याच सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने सर्वांत जास्त नुकसान होतं.

घर बँकेकडे गहाण असेल तर नाव बदलून काहीच साधत नाही. गहाणाचा बोजा घराबरोबर जातो, मालक कुणीही असो. घर गहाण नसेल आणि कर्ज विनातारण असेल, म्हणजे क्रेडिट कार्डाचं, वैयक्तिक कर्जाचं किंवा व्यापाऱ्याच्या उधारीचं, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचं कलम ५३ आडवं येतं. धनकोंना चकवण्याच्या किंवा त्यांची वसुली लांबवण्याच्या हेतूने केलेला व्यवहार धनकोच्या अर्जावरून कोर्ट रद्द करू शकतं. पुढे नादारीचा, म्हणजे वैयक्तिक दिवाळखोरीचा, अर्ज करावा लागला तर आणखी एक अडचण उभी राहते. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता दिलेली मालमत्ता कोर्ट परत ओढून घेऊ शकतं. धनकोंच्या हाती लागू नये म्हणून मालमत्ता अप्रामाणिकपणे लपवणं हा फौजदारी गुन्हाही आहे. म्हणजे ज्याच्यावर फक्त देणं होतं, त्याच्यावर लबाडीचा आरोप येतो. नंतर न्यायाधीशांसमोर ‘साहेब, परिस्थितीने गांजलो’ असं सांगायची वेळ येते, तेव्हा तो बक्षीसपत्राचा कागद फाइलमध्ये असतोच. असा कागद करू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

मग कायदा काहीच राखून ठेवत नाही का? ठेवतो, आणि हे लोकांना फार कमी माहीत आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम ६० मध्ये जप्त करता न येणाऱ्या वस्तूंची मोठी यादी आहे. कर्जदाराचे आणि त्याच्या बायकामुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण त्यात आहे. धर्मरूढीप्रमाणे जे दागिने बाई अंगावरून उतरवू शकत नाही तेही आहेत, म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरं आणि बियाणं सुरक्षित. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार ज्या घरात स्वतः राहतो ते घर सुरक्षित. भविष्य निर्वाह निधी, सरकारी पेन्शन, स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीतून मिळणारी रक्कम यांनाही हात लागत नाही. मुंबईतल्या पागडीच्या खोलीसारखा, भाडेनियंत्रण कायद्याखालचा राहत्या जागेचा भाडेकरूचा हक्कसुद्धा या यादीत आहे.

पगाराचा हिशेब नीट समजून घ्या, कारण वसुलीवाले फोनवर ‘पूर्ण पगार उचलू’ अशी दमदाटी करतात. पोटगीचा हुकूमनामा सोडला तर पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर आहेत. जप्तीला पात्र पगार ४०,००० असेल तर १,००० वजा जाऊन ३९,००० राहतात आणि त्यांचा तिसरा हिस्सा, म्हणजे १३,०००, एवढाच महिन्याला कापता येतो. तोही एका हुकूमनाम्यापोटी जास्तीत जास्त २४ महिने. ‘तुरुंगात टाकू’ या धमकीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं की केवळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला दिवाणी कैदेत घालता येणार नाही. ऐपत असून तो अप्रामाणिकपणे टाळाटाळ करतो आहे, असं दिसलं पाहिजे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला तर अटकच करता येत नाही. न वटलेल्या चेकचा खटला मात्र वेगळा आणि फौजदारी आहे. चेक न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरायची असते. ती मुदत चुकवू नका.

कलम ६० च्या यादीत मात्र एक मोठी पोकळी आहे. पुण्यातल्या कारकुनाचा फ्लॅट किंवा इचलकरंजीतल्या छोट्या व्यापाऱ्याचं घर तिच्यात बसत नाही. शेतकरी आणि मजुराच्या छपराला जे संरक्षण आहे ते पगारदाराच्या एकुलत्या एका घराला नाही. मला हा अन्याय वाटतो. १९०८ साली शहरी मध्यमवर्ग मुख्यतः भाड्याने राहत होता. आज तो २० वर्षांच्या हप्त्यावर घर घेतो आणि त्या घरापुरती कायद्याची यादी तिथेच थांबली आहे.

शेतकऱ्याच्या छपराला संरक्षण देण्याच्या विचारामागे आपल्याच मातीतला इतिहास आहे. अमेरिकेतली यादवी १८६५ साली संपली आणि कापसाचे चढे भाव कोसळले. त्यात शेतसारा वाढला आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या वहीत बुडाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक उठले. त्यांचा रोख कर्जाच्या कागदांवर होता. खतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात एक महत्त्वाची तरतूद होती : शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता पैशाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करून विकता येणार नाही, ती त्या कर्जासाठी खास गहाण टाकलेली असेल तर गोष्ट वेगळी.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. घर वाचवणारा कायदा तिथेच संपतो. ज्या घराला कायद्याने हात लावू दिला नसता, ते घर आपण तारण म्हणून लिहून दिलं की संरक्षण उठतं. सावकारांनाही हे लवकर कळलं. पुढे तर त्यांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. हा प्रकार आजही गावोगावी चालतो. कर्ज दोन लाखांचं आणि कागद जमिनीच्या विक्रीचा. तोंडी सांगतात, ‘पैसे दिलेस की जमीन परत.’ असा कागद कुणाच्या घरी झाला असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ वाचा. अवैध सावकारीतून मालमत्ता गेली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत आरोप खरा ठरला तर तो व्यवहार रद्द करून ताबा परत देण्याचा आदेश निघू शकतो.

बँकांच्या बाबतीत २००२ चा सरफेसी कायदा याच अटीवर उभा आहे. तारण असेल तर बँकेला वसुलीसाठी कोर्टात दावा लावावा लागत नाही. कलम ६० मधली सूट तिथे उपयोगी पडत नाही, कारण मालमत्ता त्याच कर्जासाठी लिहून दिलेली असते. शेतजमीन मात्र या कायद्याबाहेर आहे. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो मिटवला : लागू आहे.

सरफेसीची नोटीस आली की कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर ठेवा. कलम १३(२) ची नोटीस ६० दिवसांची असते. तेवढ्या अवधीत लेखी हरकत द्या : व्याजाची आकारणी चुकली आहे, भरलेले हप्ते जमा दाखवलेले नाहीत, जे असेल ते. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ६० दिवस उलटल्यावर बँक आधी प्रतीकात्मक ताबा घेते. दारावर नोटीस लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते. लोक इथेच लाजेने कोसळतात आणि घर सोडून नातेवाइकांकडे निघून जातात. ते करू नका. घर त्या दिवशी गेलेलं नसतं. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुंबई, पुणे, नागपूर इथे ती आहेत. खरा दरवाजा बंद होतो तो लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध झाल्यावर. त्याआधी संपूर्ण थकबाकी खर्चासह भरली तर विक्री थांबलीच पाहिजे. त्यानंतर तो हक्क उरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बाफना मोटर्स प्रकरणात स्पष्ट केलं. २०१६ च्या दुरुस्तीआधी विक्री पूर्ण होईपर्यंत वेळ होता, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बसलेल्या माणसाला हा फरक घर गमावूनच कळतो.

माझं मत विचाराल तर, घर वाचणार नाही असं पहिल्या नोटिशीच्या वेळीच दिसत असेल तर बँकेशी बोलून, तिच्या लेखी संमतीने ते स्वतः गिऱ्हाईक शोधून विका. लिलावात येणारा पडेल भाव शोधतच येतो. आपण विकलं तर कर्ज फिटून चार पैसे हातात उरण्याची शक्यता जास्त असते. लिलावात कर्जापेक्षा जास्त रक्कम आली तर उरलेली आपलीच असते; ती मागून घ्या.

आता जामीनदार. घर जसं स्वतःच्या कर्जाने धोक्यात येतं, तसंच ते मित्राच्या, साडूच्या, सहकाऱ्याच्या कर्जावर केलेल्या सहीनेही येतं. भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं म्हणायचा हक्क त्याला नाही. कर्ज पतसंस्थेचं असेल तर तिला दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. सहकारी संस्था कायदा, १९६० याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. लोक त्याला ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात. तो निघण्याआधी चौकशीची नोटीस येते. ‘माझं कर्ज नाही, मी कशाला जाऊ’ म्हणून घरी बसलेल्या जामीनदारावरही दाखला निघतो, आणि मग पुनरीक्षण मागायचं तर देय रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. चौकशीला जाणं फुकट आहे, न जाणं फार महाग पडतं. जामीनदाराने पैसे भरलेच, तर मूळ कर्जदाराकडून ते वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. भरल्याची प्रत्येक पावती जपा.

वैयक्तिक दिवाळखोरीबद्दल अनेकांचा समज आहे की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने सगळं बदललं. सामान्य माणसापुरतं हे लिहीपर्यंत ते बदललेलं नाही. संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. त्यात बोजा नसलेलं एकच राहतं घर ठराविक किमतीपर्यंत वगळण्याची सोय आहे; पगारदाराला जे मिळायला हवं ते निदान कागदावर तरी लिहिलेलं आहे. बाकी सगळ्यांना इंग्रजी अमदानीतले दोन कायदे : मुंबईसाठी १९०९ चा, उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा. जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज करायला देणं किमान ५०० रुपये हवं, ही मर्यादाच कायद्याचं वय सांगते. नादार जाहीर झाल्यावर मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, कलम ६० ची यादी तिथेही जपली जाते आणि धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवे दावे लावता येत नाहीत. हा श्वास घ्यायला मिळालेला वेळ खरा असतो. पण गहाण घेणाऱ्याचा हक्क त्याने थांबत नाही. गृहकर्जाचं घर नादारीने वाचत नाही. मुक्तता मिळवण्यासाठी वेगळा अर्ज कोर्टाने दिलेल्या मुदतीत करावा लागतो. मालमत्ता देण्याच्या निम्म्याहून कमी भरली तर आपली दशा आपल्या हातून झालेली नाही हे पटवून द्यावं लागतं, आणि आजारपण, अपघात, बुडालेलं पीक यांचे कागद तिथे उपयोगी येतात. मुक्तता मिळेपर्यंत आमदारकी-खासदारकी लढवता येत नाही.

ज्यांच्या डोक्यावर आज कर्ज नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी. धंदा करणाऱ्याने मालकी पेढीऐवजी एलएलपी किंवा कंपनी काढली तर धंद्याचं देणं घरापर्यंत सहसा येत नाही. वैयक्तिक हमीवर सही केली की मात्र ही भिंत पडते. आणि विवाहित पुरुषाने मुदत विमा घेताना विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खालचा फॉर्म भरावा. ती रक्कम बायकामुलांसाठी विश्वस्त निधी ठरते, पतीच्या धनकोंना ती मिळत नाही. हा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरायचा असतो, नंतर जोडता येत नाही. स्त्रीधन तिचंच; ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर मात्र ते तिच्याच देण्यात सापडतं. म्हणून सही करण्यापूर्वी तिला कागद वाचायला द्या, वेळ द्या, नाही म्हणू द्या.

वडील कर्ज ठेवून गेले तर मुलाने ते फेडायचं का, हेही अनेकांना छळतं. वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी आहे. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी पितृऋण म्हणून हिंदू मुलाच्या मालमत्तेला हात लावता येत नाही. वडिलांच्या कर्जावर तो स्वतः सहकर्जदार असेल तर त्याची जबाबदारी त्याच्या सहीमुळे येते.

पुढच्या आठवड्यात : ‘एकशे एक’च्या चौकशीला जाताना जामीनदाराने कोणते कागद न्यायचे, एकरकमी तडजोडीचं पत्र कसं लिहायचं आणि लोकअदालतीत काय मागायचं.